शिक्का कुणाचा आणि दाद कुणाकडे?

आमच्या थोरल्या वहिनी नुकत्याच महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाल्या. भाऊ गेल्यावर त्यांनी त्याच्या जागी झाडू हातात घेतला आणि बावीस वर्षे पहाटे पाचच्या हजेरीला कधी चुकल्या नाहीत. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात जमा झाले, त्याच आठवड्यात पुतण्या मोबाईल घेऊन आमच्याकडे आला. मागोमाग वहिनीही आल्या.

"काका, यातले दीड लाख स्टेबलकॉइनमध्ये टाकू. बिटकॉइनसारखं ते वरखाली होत नाही. एक नाणं म्हणजे एक डॉलर. वर बारा टक्के व्याज. आणि आता तर अमेरिकेच्या सरकारनंच ते काढलंय!"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बी. कॉम. झालात, हिशेबाचं काम करता. सरकारी असेल तर बुडायचं नाही ना?"

आम्ही लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. आठ दिवसांची मुदत मागितली. त्याला कारण होते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा वहिनींच्या पिठाच्या डब्यात पाचशेच्या अकरा नोटा होत्या. त्या बदलण्यासाठी दोन दिवस आम्ही त्यांच्याबरोबर रांगेत उभे होतो. पुढे ३० डिसेंबरला सरकारने 'भीम' नावाचे ॲप काढले. परमपूज्य बाबासाहेबांचे नाव ऐकून आमची छाती फुगली. वस्तीतल्या सभेत आम्ही त्याचे तोंड भरून कौतुक केले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण वस्तीतल्या कितीतरी आयाबहिणींकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांनी काय करायचे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. साध्या फोनसाठी 'यूपीआय वन टू थ्री पे' ही सोय यायला २०२२ चा मार्च उजाडला. नाव बघून टाळ्या वाजवायच्या आणि काम तपासायचे नाही, ही चूक आमच्या हातून एकदा झाली होती. ती पुन्हा करायची नव्हती.

आठ दिवसांत ऑफिस सुटल्यावर जे वाचले, ते असे.

स्टेबलकॉइन म्हणजे स्थिर नाणे. संगणकावरचे हे नाणे काढणारा सांगतो, "मी एक नाणे विकले की एक डॉलर बाजूला ठेवतो. तुम्ही नाणे परत द्या, मी डॉलर देतो." म्हणजे सगळा भार त्या बाजूला ठेवलेल्या डॉलरवर आणि देणाऱ्याच्या शब्दावर. डॉलर खरोखर ठेवले नसतील तर? मे २०२२ मध्ये टेरायूएसडी नावाचे नाणे असेच कोसळले. त्याच्यामागे डॉलर नव्हते, दुसऱ्या एका नाण्याचा टेकू होता. ते ठेवले तर वर्षाला सुमारे वीस टक्के मिळतील, असे लोकांना सांगितले जात होते. काही दिवसांत टेकूही गेला आणि नाणेही गेले.

१८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत 'जीनियस' नावाचा कायदा झाला. त्यामुळे ही नाणी सरकारी झाली, असे पुतण्याला वाटले. तसे नाही. कायदा सरकारचा, नाणी मात्र कंपन्यांची. नाण्याइतके डॉलर किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे राखून ठेवा, दर महिन्याला हिशेब जाहीर करा, सरकारची हमी आहे असे सांगून नाणे विकू नका, अशा त्यातल्या अटी. नाणे काढणाऱ्याने धारकाला व्याज द्यायचे नाही, हीसुद्धा अट. मग पुतण्याच्या ॲपवरचे बारा टक्के येणार कुठून?

सरकारने स्वतः काढलेले नाणेही आहे, पण ते वॉशिंग्टनचे नव्हे. वायोमिंग या अमेरिकेतल्या एका राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये ते काढले. शंभर डॉलरच्या नाण्यांमागे १०२ डॉलर राखायचे, असे त्या राज्याच्या कायद्यात लिहिले आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया आहे. सर्वसामान्यांसाठी तो १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. खिशातली नोट जशी रिझर्व्ह बँकेचे देणे, तसाच हा मोबाईलमधला रुपया. नोटेवर व्याज मिळत नाही, यावरही नाही. हा डॉलरला बांधलेला नाही, हा रुपयाच आहे.

वाचता वाचता आम्ही थबकलो. एका नाण्याला दुसऱ्याच्या दाव्याला बांधायचे आणि ते स्थिर आहे म्हणायचे, ही युक्ती काही नवी नव्हे. इंग्रजांनी आपल्या रुपयाचे हेच केले होते. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. नंतर रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स धरला आणि तो टिकवण्यासाठी लंडनमध्ये गंगाजळी ठेवली. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि तो भाव मोडला. १९२० साली २ शिलिंगचा भाव ठरवला, तोही टिकवता आला नाही. या सगळ्या कारभाराची चिरफाड बाबासाहेबांनी १९२३ सालच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात केली. डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी रॉयल कमिशनपुढे साक्षही दिली. "रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली" असे आम्हीही व्यासपीठावरून ठोकून दिलेले आहे. इतके वाढवून सांगायची गरज नाही. त्यांनी सांगितले तेच पुरेसे मोठे आहे.

त्यांचे म्हणणे आम्हाला समजले ते असे. चलन चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका, मग तो चालवणारा सरकार का असेना. चलन किती काढायचे याला नियमाची मर्यादा घाला. कारण रुपयाची किंमत घसरली की माल निर्यात करणाऱ्याचा फायदा होतो आणि मजुराचे नुकसान. बाजारात भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. सरकारी शिक्का असला म्हणजे झाले, असे नाही. शिक्का मारणाऱ्यालाही कायद्याची वेसण हवी आणि तुम्हा-आम्हाला दाद मागायला दार हवे.

हे दार किती मोलाचे, ते वहिनींनी गेल्याच वर्षी पाहिले होते. लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांनी ४,८०० रुपये मोबाईलवरून पुण्याला पाठवले. वहिनींच्या खात्यातून गेले, लेकीच्या खात्यात पोचले नाहीत. बँकेत गेल्या तर "वाट बघा" एवढेच उत्तर. आम्ही रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक काढून नेले. अशी रक्कम फार तर दुसऱ्या दिवशी परत आली पाहिजे, पुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असे त्यात स्पष्ट आहे. खिडकीवरच्या बाबूने ते दोनदा वाचले. नवव्या दिवशी रक्कम परत आली आणि मुदतीनंतरच्या आठ दिवसांचे आठशे रुपयेही मिळाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. आठशे रुपयांचे त्यांना तेवढे नव्हते. आपल्या तक्रारीची कुणी दखल घेतली, याचे होते.

मुदत संपली त्या संध्याकाळी आम्ही पुतण्याला एवढेच विचारले, "त्या ॲपवाल्याने उद्या पैसे दिले नाहीत, तर तुझ्या आईने कुठल्या खिडकीवर जायचे?" त्याने बराच वेळ मोबाईल चाळला. पत्ता परदेशातला निघाला. फोन नंबर नव्हताच.

पण पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, "काका, माझा मित्र दुबईला आहे. घरी पैसे पाठवताना त्याचं कमिशन कापलं जातं. या नाण्यानं ते वाचेल की नाही?" त्याचे बोलणे टाकाऊ नव्हते. परदेशात घाम गाळणाऱ्याची कमाई कमी खर्चात घरी पोचावी, ही गरज खरी आहे. नियमात बांधलेले डिजिटल नाणे ते काम करणार असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू. पण पैसे पाठवण्याची वाट वेगळी आणि म्हातारपणाची पुंजी ठेवण्याची जागा वेगळी.

ई-रुपयाच्या बाबतीतही डोळे मिटून चालणार नाही. ठरावीक कामालाच खर्चता येईल असा ई-रुपया देण्याचे प्रयोग चालू आहेत. उद्या पोराची शिष्यवृत्ती किंवा म्हातारीचे अनुदान अशा बांधलेल्या रुपयात आले आणि तो अमुक दुकानातच चालेल असे ठरले, तर? साहेबाचा पगार मोकळा आणि गरिबाचा रुपया दावणीला, असे होऊ नये, याची जाब विचारणी आपणच केली पाहिजे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, कुणी नवे नाणे घेऊन दारात आला की तीन प्रश्न विचारा. हे देणे कुणाचे? त्याच्यावर कायदा कुठला? आणि पैसे अडकले तर दाद कुणाकडे? मोबाईलवर फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा.

वहिनींनी दीड लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले. फॉर्म पुतण्यानेच भरला. पासबुक हातात आल्यावर वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, व्याज थोडं कमी असू दे. पण ही खिडकी मला माहीत आहे."