दादाचा सेव्ह

सुरतेला कामाला जाताना दादाने लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि एकच अट घातली. "काहीही खेळ, माझ्या सेव्हला हात लावू नकोस."

आत स्कायरिम होता. गेम २०११चा, दादाकडची लेजेंडरी एडिशन २०१३ची. चार जीबी रॅमवर तेवढंच चालतं. दादाने आपल्या हिरोला आजाचं नाव दिलंय. तो तलवारीला शिवत नाही, फक्त धनुष्य. आजासारखाच.

मी मॉड शोधायला लागलो. मॉड म्हणजे गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेले बदल. नेक्सस मॉड्सवर ते हजारोंनी पडलेत, फुकट. पण देवगोईचा घाट चढून मोलगीला येईपर्यंत नेटवर्क दमलेलं असतं. माझा दिवसाचा दीड जीबी, तोही घरामागच्या टेकाडावर उभं राहिलं तर. चकाचक डोंगर-दगडांचे मॉड कित्येक जीबींचे. डोंगर तर दारातच आहेत, म्हटलं, राहू दे.

तरी हाव सुटली. दोन आठवड्यांत तीस मॉड जमवले आणि एकदम टाकले. गेम उघडेचना. एका मॉडला लागणारी दुसरी फाइलच मी उतरवली नव्हती. ती आणली, गेम चालला. मग बघावं म्हणून दादाचा सेव्ह उघडला, दोन मिनिटं फिरलो आणि सवयीने एफ-५ दाबलं.

क्विकसेव्हची जागा एकच असते. दादाचं शेवटचं खेळणं त्याच जागेवर होतं. आता तिथे माझी तीस मॉडची खिचडी. मॉड काढले तरी त्यांच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये चिकटून राहतात. चहातली साखर काढण्यासारखं आहे ते. त्याआधीचा सेव्ह होता, पण अकरा तास जुना.

त्या रात्री सगळं पुसलं. दादाच्या सेव्हचा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतला. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. मग एकेक मॉड, प्रत्येकाला एकच प्रश्न: तुझ्यावाचून अडतं का?

तीन उरले. पहिला अनऑफिशियल पॅच. कंपनीने तशाच सोडलेल्या शेकडो चुका तो निस्तरतो आणि दिसत कुठेच नाही. दुसरा स्काययूआय. मूळ मेनू टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसणाऱ्यांसाठी केलेला. यात वजन, किंमत, नाव लावून सामान शोधता येतं. त्याला एसकेएसई लागतं, तेही गेमच्या आवृत्तीला जुळणारं. दोन्ही मिळून थोड्याच एमबींचं काम.

तिसऱ्यावर मी अडलो. लिव्ह अनदर लाइफ. मूळ गेम सुरू होतो तेव्हा तुमचे हात बांधलेले असतात, गाडीत बसवून कुठेतरी नेत असतात. दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीला गुजरातकडे ट्रक सुटतात. लहानपणी आम्ही दोघं अशाच एका ट्रकमध्ये होतो. दादा ती सुरुवात बघताना नेहमी तोंड फिरवायचा. हा मॉड ती गाडीच काढून टाकतो. जंगलात मुक्कामाला असलेला माणूस म्हणून सुरू करा, नाहीतर बंदरावर उतरलेला. पण त्याला नवा खेळ लागतो. जुन्या सेव्हला उपयोग नाही.

शेवटी दादाला फोन लावला. अकरा तास गेले, हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मागे मशीनचा आवाज.

"घर आहे ना? व्हाइटरनचं?"

"आहे."

"भिंतीवर धनुष्य?"

टेकाडावरून धावत खाली आलो, सेव्ह उघडला, पुन्हा वर चढलो. तोवर त्याची सुट्टी संपून फोन बंद झालेला. मेसेज टाकला: आहे.

रात्री उत्तर आलं. काठीच्या होळीला येतोय, तोवर तो तिसरा उतरवून ठेव.

उतरवलाय. अजून चालू केलेला नाही.