घाट इथे उलटा असतो

सेव्हन हिल्स, पेंडल हिल, बॉकम हिल्स, कॅसल हिल, राउझ हिल! आपल्या टूनगॅबीभोवतीच्या नावांत एवढ्या टेकड्या आहेत, पण मोटारीत बसून त्यांतली एकही जाणवत नाही. सायकलवर बसा, म्हणजे ही नावं ठेवणाऱ्यांनी उगीच नावं ठेवली नव्हती, हे मांड्याच सांगतात.

आम्ही टूनगॅबी-वेंटवर्थव्हिलकडची पाच-सहा कुटुंबं महिन्यातून एका रविवारी सायकली बाहेर काढतो. बहुतेकांचं लहानपण पुणे, सांगली, नाशिककडचं. तासाच्या भाड्यानं आणलेली सायकल दांड्याखालून पाय घालून शिकलेली, कॉलेजात डबलसीट हाकलेली. पुढे स्कूटर आली, व्हिसा आला, गाडी आली आणि सायकल सुटली. आमच्यातल्या एकाच्या आईनं तर हे नवं खूळ ऐकून पुण्याहून फोनवर काळजीनं विचारलं, "अरे, गाडी विकलीस की काय?"

सायकल चालवायला कोणी विसरत नाही, हे खरं. पण इथला भूगोल मात्र नव्यानं शिकावा लागतो. आपल्याकडे सिंहगड काय नि बोरघाट काय, आधी दम काढून वर चढायचं आणि येताना हवा खात उतरायचं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो तो चढावर. सिडनीच्या उत्तरेला घाट आहेत, पण उलटे. हा सगळा प्रदेश वालुकाश्माचं पठार आहे आणि नद्या-ओढ्यांनी ते खोल चिरलंय. आपण वर राहतो, दरी खाली असते. उतार आधी मिळतो आणि चढ राखून ठेवलेला असतो, पाय दमल्यानंतरचा. त्यामुळे इथे किती खाली जायचं ते पायांना विचारून नाही, परतीचा हिशेब मांडूनच ठरवावं लागतं.

आमचे तीन रस्ते सांगतो, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिला राउझ हिलचा. जुन्या विंडसर रोडला समांतर २००७ मध्ये बसचा टी-वे सुरू झाला. त्याच्या कडेनं सायकलींसाठी वेगळी वाट आहे, मोटारींपासून दूर. टूनगॅबीहून पंधराएक किलोमीटर, चढउतार बेताचे. मुलांची पहिली मोठी सफर इथेच करावी. आणि जाता जाता त्यांना सांगावं, की हा साधासुधा रस्ता नाही. पॅरामॅटाहून हॉक्सबरीच्या शेतांकडे जाणारी ही वाट १७९४ पासूनची. त्याआधी १७९१ मध्ये टूनगॅबीला सरकारी शेती सुरू झाली होती, कैद्यांच्या घामावर. ज्यांची ही जमीन, त्या धरुग लोकांच्या भाषेत टूनगॅबी म्हणजे पाण्याजवळची जागा, असं सांगतात. १७९७ मध्ये पेमुलवुई या त्यांच्या योद्ध्यानं याच शेतीवर हल्ला चढवला होता. १८०४ च्या मार्चमध्ये कॅसल हिलच्या आयरिश कैद्यांनी बंड केलं, ते मोडलं गेलं राउझ हिलच्या परिसरात. शिवनेरी-रायगडाच्या गोष्टी मुलांना आपण सांगतोच. ती ज्या मातीवर वाढतात तिची गोष्टही कोणीतरी सांगायला हवी. ताशी ८० च्या वेगात ती सांगता येत नाही, १५ च्या वेगात येते.

दुसरा ओल्ड नॉर्दर्न रोडचा. कॅसल हिल, ड्युरल, ग्लेनोरी, मरूटा करत हा रस्ता डोंगराच्या धारेवरूनच वाइझमन्स फेरीपर्यंत जातो. टूनगॅबीहून साठेक किलोमीटर. धारेवर शेलची सुपीक माती आहे, म्हणून इथे फळबागा नि नर्सऱ्या. दोन्ही बाजूंना खाली उतरलं की लगेच वालुकाश्म आणि जंगल. हे एकदा लक्षात आलं, की माती बघून पुढचा रस्ता ओळखता येतो. मरूट्याजवळ वाळूच्या खाणी आहेत, तिथे ट्रकांपासून सांभाळावं. शेवटी रस्ता वळणं घेत एकदम हॉक्सबरी नदीवर उतरतो. पलीकडे नेणारी फेरीबोट फुकट आहे. पलीकडे १८२६ ते १८३६ या काळात कैद्यांनी बांधलेला ग्रेट नॉर्थ रोड आहे. त्याचा एक भाग २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी भिंती बघून गडाच्या तटाची आठवण होते. तिथे मोटारींना बंदी आहे, पण पातळ टायरच्या सायकलींचंही ते काम नाही, चालतच जावं.

तिसरा दऱ्यांचा. गॉल्स्टन गॉर्ज, बरोरा वॉटर्स आणि बॉबिन हेड मिळून इथले सायकलवाले 'थ्री गॉर्जेस' म्हणतात. गॉल्स्टन गॉर्जची वळणं इतकी अवघड, की साडेसात मीटरपेक्षा लांब वाहनांना तिथे बंदी आहे. तळाशी एकेरी लाकडी पूल, कडेला जागा नाही.

या रस्त्यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली. मुलं म्हणाली, आम्हीही येणार. काही बाबालोक म्हणाले, येऊ द्या, आपण नव्हतो का कात्रजला गेलो? आया म्हणाल्या, कात्रजला गेलात तेव्हा तुमच्या आयांना विचारलं होतंत का? शेवटी एक नियम ठरला. आधी एम-७ च्या कडेची, २००५ मध्ये खुली झालेली, चाळीस किलोमीटरची वाट पुरी करायची. ती जमली तर बरोरा वॉटर्स. गॉल्स्टन गॉर्ज मुलांना नाही, अजिबात नाही.

पहिल्यांदा हा नियम पार केला एका चौदा वर्षांच्या मुलीनं. आर्केडियाहून खाली उतरलो, फुकटच्या फेरीबोटीतून पलीकडे गेलो आणि राखून ठेवलेला चढ समोर उभा राहिला. तिचे बाबा पुढे, ती मध्ये, बाकीचे मागे. अर्ध्यात बाबा उतरून सायकल ढकलू लागले. ती थांबली नाही. वर बरोरा स्टेशनच्या अलीकडे रस्त्याकडेला पाणी पीत बसली होती. बाबा पोचले तेव्हा तिनं चिक्कीचा तुकडा पुढे केला, बोलली काहीच नाही. बाबाही नाही. परत सगळे रेल्वेनं आलो. गाडीत सायकल नेता येते, ही मोठीच सोय.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हेल्मेट १९९१ पासून सक्तीचं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि त्यांच्याबरोबरच्या मोठ्यांना फुटपाथवरून जाता येतं. मोटारवाल्यानं सायकलपासून किमान एक मीटर, आणि रस्त्याची वेगमर्यादा ताशी साठच्या वर असेल तर दीड मीटर अंतर ठेवलं पाहिजे. म्हणजे गाडी चालवताना आपणही! ऑगस्ट ते ऑक्टोबर मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात, तेव्हा उतरून चालत जावं, मान खाली घालून. उन्हाळ्यात सहाला निघून दहाच्या आत परत. फेरीबोटी दुरुस्तीसाठी कधी बंद असतात, वाटांवरही वळसे असतात, आदल्या दिवशी बघून घ्यावं. पंक्चरचं सामान, दोन बाटल्या पाणी, दशम्या आणि चिक्की. पोहे नकोत, वाऱ्यानं उडतात.

तर मंडळी, गॅरेजमधल्या सायकलीवरचं जुनं सामान खाली काढा, हवा भरा, ब्रेक तपासा. पहिल्या दिवशी राउझ हिलच. दऱ्या कुठे पळून जात नाहीत, आणि चढ तर तुमच्यासाठी राखूनच ठेवलेला आहे.