बासा आणि बाडी

बंगालीत बिऱ्हाडाला ‘बासा’ म्हणतात, मूळ घराला ‘बाडी’. कलकत्त्यात तीस वर्षे आमचा बासाच होता. तिथले भाव आवाक्याबाहेरचे. म्हणून बजबजला घर पाहायला गेलो. सियालदहहून लोकल थेट जाते. हुगळीकाठी ज्यूटगिरण्या, तेलाच्या टाक्या. घर स्वस्त होते. नदीची ओल, रात्री-अपरात्री लागणारा डॉक्टर, असा हिशेब पत्नीने मांडला. तो खोटा नव्हता. परतताना कोमागाता मारूच्या स्मारकापाशी थांबलो. कॅनडाने परत पाठवलेल्या त्या प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ रोजी इथेच गोळीबार झाला. मायदेशाच्या काठावर त्यांना निवड उरली नव्हती. आम्हांला निदान नकाराचा अधिकार होता. ‘‘पावसाळ्यात पुन्हा येऊ,’’ पत्नी म्हणाली, ‘‘भिंत तेव्हाच खरे बोलते.’’