सोडलेली जागा

‘लास्ट नाइट’ शिकवायला घेतलं की पहिल्या दहा मिनिटांत मुलांचे चेहरे पडतात. सुरुवातीला एका गिटारने एकच स्वर धरायचा आणि तो न थांबता वाजवत राहायचं. “सर, इतकंच?” हा प्रश्न ठरलेला. मी मेट्रोनोम लावतो. विसाव्या सेकंदाला मनगट आखडतं, पिक तारेत रुतायला लागतं, आवाज जाड होतो आणि लय पुढे पळते. पिकचं जेमतेम टोक तारेला लागायला हवं, कोपर सैल हवं. मिनिटभर एकसारखं वाजायला दोन-तीन आठवडे सहज जातात.

गाणं द स्ट्रोक्सचं. न्यूयॉर्कची पाच तरुण पोरं. जानेवारी २००१ मध्ये रफ ट्रेड या कंपनीने त्यांची तीन गाण्यांची ईपी इंग्लंडमध्ये काढली आणि तिथल्या संगीत साप्ताहिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. ‘इज धिस इट’ हा पहिला अल्बम बाजारात यायच्या आधीच रॉक संगीत वाचवण्याची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती. मग दुसरी बाजू उठली. गायक ज्युलियन कासाब्लांकासचे वडील एका मोठ्या मॉडेल एजन्सीचे संस्थापक, तो आणि गिटारवादक अल्बर्ट हॅमंड ज्युनियर स्वित्झर्लंडच्या बोर्डिंग शाळेतले दोस्त. म्हणजे बड्या घरच्या पोरांची हौस, आणि वर वेल्व्हेट अंडरग्राउंड नि टेलिव्हिजन या जुन्या बँडची नक्कल. कौतुक करणारे त्यांच्या जॅकेटबद्दल लिहीत होते, टीका करणारे बापाच्या पैशाबद्दल. हात कुणीच बघत नव्हतं.

टेलिव्हिजनशी केलेली तुलना तर मला आजही पटत नाही. त्यांचं ‘मार्की मून’ दहा मिनिटांहून मोठं आहे, त्यात गिटार लांबलांब फिरून येते. ‘इज धिस इट’ची अकराच्या अकरा गाणी ३६ मिनिटांत संपतात. दोन्ही वाजवून पाहिलेल्या माणसाला फरक बोटांतच कळतो.

खरी गंमत दोन गिटारींच्या वाटणीत आहे. दुसरा गिटारवादक निक व्हॅलेन्सी, त्याच्याकडे एपिफोन रिव्हिएरा, अर्धी पोकळ, भरीव आवाजाची. हॅमंडकडे पांढरी स्ट्रॅटोकास्टर, चकचकीत, पातळ. एक खाली कॉर्ड धरून असली की दुसरी वर दोन-तीन स्वरांतच फिरते; एकमेकींच्या अंगावर जात नाहीत. शीर्षकगीतात तर गिटारी मागे सरकतात आणि चाल चक्क बेस गातो. निर्माता गॉर्डन रॅफेलने हे सगळं ईस्ट व्हिलेजमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत, मोजक्या माइकवर ध्वनिमुद्रित केलं. कासाब्लांकासचा आवाज सरावाच्या छोट्याशा पीव्ही अँपमधून काढला. म्हणून तो जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा चिंचोळा वाटतो, आणि माझ्या कानाला तरी त्यामुळेच दोन्ही गिटारींना हातपाय पसरता येतात. आपल्याकडे गायकाने एखादी जागा घेतली की माना डोलतात. मी ती सीडी ऐकताना पहिल्यांदा सोडलेल्या जागेला मान डोलावली.

तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. मित्राने कॉपी करून दिलेली सीडी, तीही ओरखडे पडलेली. चौघांचा बँड होता आमचा. त्या अल्बमच्या नादाने आमच्याच एका गाण्यातून मी माझे जवळजवळ अर्धे स्वर काढून टाकले. आठ दिवस भांडणं झाली, ड्रमरने झांजांना हात लावायचा नाही असं ठरलं, आणि एका संध्याकाळी खोलीत ते गाणं अचानक उभं राहिलं. स्पर्धेत ते वाजवलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात आमच्याबद्दल पाच ओळी आल्या : वाढवलेले केस, फाटक्या जीन्स, इंग्रजी गाणारी मराठी मुलं. काढून टाकलेल्या स्वरांबद्दल अक्षरही नव्हतं. ते कात्रण आईने जपून ठेवलं. मी पुन्हा कधी वाचलं नाही.

स्ट्रोक्सचा दुसरा अल्बम ऑक्टोबर २००३ मध्ये आला, ‘रूम ऑन फायर’. अनेकांनी लिहिलं, पुन्हा तेच. त्यातल्या ‘१२:५१’मध्ये कीबोर्ड वाटतो तो आवाज गिटारचा आहे. तो काढण्यासाठी व्हॅलेन्सीने किती खटपट केली असेल, ते टोनचं बटण तासन्‌तास फिरवत बसलेल्यालाच कळेल. पहिल्या अल्बमला मात्र पुढे मान मिळाला. २००९ साली एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. मला त्याचा आनंद झाला, पण तोवर मी तो शेकडो वेळा हातांनी ऐकला होता.

हल्ली माझे विद्यार्थी कुठे वाजवणार असले की त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे येतं. मी समोरच्या खुर्चीत बसत नाही. स्टेजच्या कडेला, दोन अँपच्या मधे उभा राहतो. गेल्या खेपेला दुसऱ्या कडव्यात एका मुलीने तारांवर तळवा ठेवून अख्खे चार ठेके गिटार गप्प केली, आणि पलीकडच्या मुलाचा स्वर एकदम स्वच्छ ऐकू आला. वहीत मी सगळ्यात आधी तेच टिपून घेतलं, तिच्या नावासकट.