घर नको, रस्ते करा

कौंडण्यपूर, ता. तिवसा

चि. सोनू,


बाळ चार महिन्यांचं झालं, घराचा स्लॅब टाकून झाला आणि रजा संपायच्या आत राजीनामा द्यावा असं तुझ्या मनात घोळतंय, हे तुझ्या आईकडून कळलं. लेकराकडे पाहू, घराच्या हप्त्याकडे की नोकरीकडे, असं तू तिला विचारलंस म्हणे. फोनवर हे बोलणं धड होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्याच जिल्ह्यातल्या डॉ. स्मिता कोल्हे तुला ऐकून माहीत असतील. नागपुरातला चालता दवाखाना सोडून त्या लग्नानंतर डॉ. रवींद्र कोल्हे यांच्यासोबत मेळघाटात, बैरागडला गेल्या. पहिलं बाळंतपण तिथेच झालं. बाळाला न्यूमोनिया, मेंदूज्वर, शिवाय रक्तात जंतुसंसर्ग. लोक म्हणाले, अकोल्याला हलवा. डॉ. रवींद्र यांनी निर्णय बायकोवर सोपवला. गावातल्या लेकरांवर होतो तोच इलाज आपल्या लेकरावर, असं स्मिताताईंनी ठरवलं. बाळ वाचलं आणि गावानं त्यांना आपलं मानलं. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट लोक त्यागाची म्हणून सांगतात. तू तशी घेऊ नकोस. त्या घरात एमडी झालेला डॉक्टर होता. तुझं लेकरू तापलं तर सरळ दवाखाना गाठायचा. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. सार्वजनिक बांधकाम मंत्री त्यांच्या घरी आले, राहणी पाहून म्हणाले, तुम्हाला घर बांधून देतो. स्मिताताईंनी सांगितलं, घर नको, रस्ते करा. आणि रस्ते झाले. अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचायची तर आधी रस्ता लागतो, हे त्या रोज पाहत होत्या.

सध्या इथं कापसाची वेचणी चालू आहे. धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली असते, आठ-नऊ वर्षांची बहीण दोरी हलवत बसते. माय ओटीतला कापूस ढिगावर रिता करते, लेकराला पाजते आणि पुन्हा तासाला लागते. मजुरी किलोवर, म्हणून पाजण्यात गेलेला वेळ तिच्याच पैशातून जातो. बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. अंगणवाडीत मूल बसतं ते तीन वर्षांनंतर, आणि तेही काही तासच. ही माय हिमतीत कुठे कमी आहे? तिच्या वावराजवळ पाळणाघर नाही, एवढंच. ते नाही म्हणून सगळा भार त्या दोघींवर येतो.

तुझ्या बाजूनं निदान कायदा तरी आहे. 2017 च्या दुरुस्तीनं पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, ती तू घेतेच आहेस. त्याच दुरुस्तीत 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, असंही आहे. तुमच्या कंपनीत माणसं शेकड्यानं आहेत आणि पाळणाघर नाही. मग राजीनामा तू कशाला द्यायचा? त्यापेक्षा पाळणाघरासाठी अर्ज दे.

आपल्या गावच्या रुक्मिणीचं लग्न भावानं शिशुपालाशी ठरवलं, तेव्हा तिनं द्वारकेला पत्र धाडलं. नुसतं गाऱ्हाणं घातलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर येईन, तिथून मला ने, इतकं स्वच्छ लिहिलं. तुझा अर्जही तसाच नेमका असू दे. पाळणाघर कोणत्या खोलीत होईल, मुलं किती, कधीपासून हवं, सगळं मांड. लहान लेकरं असलेल्या बायांच्या सह्या घे. बाप झालेल्या पुरुषांच्याही घे, लेकरू त्यांचंही आहे. जावईबापूंना म्हणावं, रात्रीचं एक जागरण तुमच्याकडे आणि सकाळचा स्वयंपाकही. हक्क मागायचा तर अंगात त्राण हवं, झोप हवी.

वेचणी आटोपली की मी येते, महिनाभर राहते. डिंकाचे लाडू आणतेच. तोवर अर्ज दे, पोच घे, आणि त्याचं लेखी उत्तर हाती येईपर्यंत राजीनाम्याच्या कागदाला हात लावू नकोस.

तुझी,
मावशी