दवबिंदूची वाट

डिसेंबर-जानेवारीत कमी दाबाचं मोठं क्षेत्र पश्चिमेकडून सरकू लागलं की अमेरिकेच्या उत्तरेत लोक बर्फ उपसायची फावडी काढतात. आम्ही मिसिसिपीत बसून मेक्सिकोच्या आखाताकडे बघत असतो. तिथली ओलसर हवा किती आत शिरते, यावर आमची रात्र ठरते.

वसंतातलं गडगडाटी वादळ उन्हावर पोसलेलं असतं. हिवाळ्यात हवेतली ऊर्जा जेमतेम. कधी किलोमागे 500 ज्यूलही नाही. पण वारा! जमिनीलगत आग्नेयेचा, किलोमीटरभर वर दक्षिणेचा सुसाट, त्याच्याही वर नैर्ऋत्येचा. त्याने हवेला आडवा पीळ बसतो आणि ढगात वर चढणारा झोत तो पीळ उभा करतो. तेवढ्या थोडक्या ऊर्जेवरही टोर्नेडो होतो.

म्हणून सकाळच्या हवामान-फुग्याची नोंद आली की मी आधी दवबिंदू पाहतो, म्हणजे हवेत ओल किती ते. 11 अंश असला तर हायसं वाटतं; 16 कडे निघाला की जेवण गोड लागत नाही. मधे सकाळचा पाऊस घोळ घालतो. तो जमिनीलगतची हवा गार करतो आणि वादळाचे पाय बांधले गेले असं वाटतं. एकदा मी त्या पावसावर विसंबलो आणि धोक्याची रेषा बरीच दक्षिणेला आखली. रात्री अकराला वारा फिरला, दवबिंदू तासाभरात 3 अंशांनी चढला. सकाळी रेषेच्या उत्तरेला, एका गावाबाहेर, झाडं आत वळून एकमेकांवर पडलेली सापडली; टोर्नेडोची खूण. कोणी दगावलं नाही. पण ती रेषा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

हिवाळ्यातली ही वादळं पुष्कळदा रात्रीची असतात, पावसात दडलेली असतात. कितीतरी टोर्नेडो रडारच्या दोन फेऱ्यांच्या मधेच होऊन जातात. 10 डिसेंबर 2021 च्या रात्री केंटकीतल्या मेफील्डवरून गेलेला मात्र सुमारे 266 किलोमीटर चालला. त्यात 57 माणसं गेली. आदल्या अंदाजात धोका सांगितलेला होता, इशारेही दिले होते.

तेव्हापासून दुपारच्या अंदाजात ‘शक्यता आहे’ एवढं लिहून माझं समाधान होत नाही. पत्र्याच्या फिरत्या घरात राहणाऱ्यांनी दिवस मावळायच्या आत पक्क्या घरी जावं, फोनचा आवाज बंद करून झोपू नये, असं मी स्पष्ट लिहितो.

आजही लिहिलंय. साडेचारच्या नोंदीत किनाऱ्यावर दवबिंदू 18 आहे. आमच्याकडे अजून 12.