‘ये’खालचे दोन नुक्ते

अब्बांच्या एका डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मोबाइलवर पाच मिनिटं वाचलं की डोळ्यांतून पाणी येतं, आणि छापील पुस्तकातली अक्षरं त्यांना आता मुंग्यांसारखी दिसतात. सगळी नोकरी उर्दू शिकवण्यात गेलेला माणूस वाचायचा थांबला की घर कसं होतं, ते मी वर्षभर बघतोय. रेडिओचा आवाज वाढतो, नातवंडांवरची चिडचिड वाढते.

पुण्याच्या भाच्याकडे पाइननोट नावाचा ई-इंक टॅब पडून होता. ‘मामू, आप ले जाओ,’ म्हणाला. १०.३ इंचांचा पडदा, कागदासारखा करडा, डोळ्यांवर चमकत नाही. आत काळे-पांढरे कण असतात, विजेच्या झटक्याने ते वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की वीज लागत नाही. नंतरच्या पाइननोटमध्ये डेबियन लिनक्स आधीपासूनच येऊ लागलं, पण भाच्याचा पहिल्या खेपेतला होता, अँड्रॉइडवाला.

हिंगणघाटला आणून अब्बांच्या हातात दिला. त्यातल्या वाचनाच्या अ‍ॅपमध्ये उर्दू मजकूर उघडला. अब्बांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘बेटा, ये तो अरबी है. उर्दू कहाँ है?’

मजकूर उर्दूच होता, पण नस्खमध्ये. ज्यांना ही लिपी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नस्खमध्ये अक्षरं सरळ रेषेत चालतात, नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे उतरत येतो. उर्दूवाल्याचा डोळा त्या उतारावर वाढलेला असतो. ही उतरण यंत्राला फार उशिरा जमली. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून काढल्या, तेव्हा १९८१ साली नूरी नस्तालीक आलं. तोवर उर्दू वर्तमानपत्रं कातिबच्या बोटांवर चालायची.

अँड्रॉइडशी दोन दिवस झगडलो आणि शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, लिनक्स टाका, मग फॉन्ट तुमच्या मर्जीचे. पण आधी ‘वेव्हफॉर्म’ची प्रत काढा. कोणत्या तापमानाला कणांना किती वेळ कोणता झटका द्यायचा, याचा तक्ता म्हणजे वेव्हफॉर्म. प्रत्येक पडद्याचा तक्ता निराळा. तो पुसला गेला तर दुसऱ्याचा आणून नीट बसत नाही. म्हणजे अब्बांचं पुस्तक गेलंच समजा.

त्या रात्री लॅपटॉपला टॅब जोडला, काळ्या खिडकीत हुकूम टाइप केले आणि आकडे सरकताना बघत बसलो. बीएडच्या निकालालाही इतकी धडधड झाली नव्हती. वेव्हफॉर्मच्या तीन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर, एक भाच्याच्या मेलवर. मगच डेबियन टाकलं. पहाटे फजरच्या अजानच्या सुमारास पडदा दोन-तीनदा काळा-पांढरा झाला आणि लॉगिनची खिडकी आली. मागे जुन्या चित्राची फिकट सावली राहिली होती, ती पडदा एकदा पूर्ण ताजा केल्यावर गेली. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हे कण कसे वागतात ते बघू.

मग नोटो नस्तालीक टाकला, आणि माझ्यासाठी लोहित मराठी. आमचा मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळा लिहिला जातो. हिंदी वळणाचा ‘श’ दिसला की मला खडा लागल्यासारखं होतं. वाचनासाठी केओरीडर घेतलं. ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या आधी नेऊन ठेवणं आणि नस्तालीकचा उतार सांभाळणं, ही दोन्ही कामं त्यात एकच प्रोग्राम करतो, हार्फबझ. नावही फारसीतून आलंय. हर्फ म्हणजे अक्षर (आपल्या मराठीत हरफ), बाज म्हणजे खुलं.

एका यंत्रात दोन लिप्या नांदताना बघून अब्बांना १९४२ आठवलं. ऐकलेलं अर्थात, त्यांचा जन्म नंतरचा. त्या वर्षी गांधीजींनी आमच्या वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचार सभा काढली. लोकांनी नागरी आणि उर्दू दोन्ही लिप्या शिकाव्यात, हा तिचा आग्रह. पुढे सभा मुंबईला गेली आणि आग्रहही वर्ध्यात फारसा उरला नाही. माझ्या वर्गात उर्दूला बसणारी मुलं मराठीलाही बसतात, उलट मात्र होत नाही. असो.

त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये मौलाना आझादांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं. तिथे लिहिलेली पत्रं म्हणजे ‘गुबार-ए-खातिर’. अब्बांनी तेच मागितलं. नेटवरून साधा मजकूर उतरवला, इपब केला, अक्षर मोठं केलं. अब्बा चहाच्या पत्रापर्यंत पोचले आणि हाक मारली. ‘ये के नीचे नुक्ते किसने दिए?’

उर्दूत शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ये’खाली नुक्ते नसतात, अरबीत असतात. टाइप करणाऱ्याने अरबी कळफलक वापरला असणार. मी शहाणपणा केला आणि एका हुकमात पुस्तकभरची अरबी ‘ये’ बदलून टाकली. संध्याकाळी अब्बा पुन्हा बोलवायला आले, या वेळी रागावून. मौलानांनी मध्ये मध्ये कुरआनच्या आयती आणि अरबी ओळी दिल्यात, त्यांच्या ‘ये’चे नुक्तेही मी उडवले होते. ‘आयत में हाथ नहीं लगाते.’ आणि आयती नस्तालीकमध्ये नकोत, नस्खमध्येच हव्यात.

मूळ फाइल परत घेतली. आता अब्बा रोज असरनंतर ओसरीवर बसतात, मांडीवर टॅब, शेजारी शाळेचं जुनं हजेरीचं रजिस्टर. अरबी ओळ आली की नावाच्या रकान्यात तिचे पहिले दोन शब्द पेन्सिलीने लिहितात. सहावं पान चालू आहे.